नाव न छापलेल्या लेखकाचा संग्रह

एखाद्या लाडक्या लेखकाचं सगळं काही जमवायचं ठरवलं, की आधी यादी लागते. पुस्तकं किती, कुणी काढली, पहिली आवृत्ती कोणती आणि त्यातली पहिली छपाई ओळखायची कशी. इंग्रजीतल्या अद्भुतकथाकारांच्या बाबतीत ही कामं इतक्या बारकाईनं झाली आहेत, की नवख्या माणसालाही प्रत हातात घेऊन निवाडा करता येतो. टोल्किनचं 'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ ला लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अन्विननं काढलं. पहिल्या छपाईच्या प्रती १५००, आणि वेष्टनावरचं चित्र खुद्द टोल्किनचं. त्याच वेष्टनाच्या मागच्या घडीवर 'ॲलिस'कर्त्या डॉजसनच्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलं. मग प्रकाशकाच्या माणसांनी ते शाईनं, हातानं खोडलं. आज संग्राहक भिंग घेऊन ती शाईची रेघ शोधतात. टोल्किननं आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला लिहून दिलेली प्रत २०१५ मध्ये लंडनच्या लिलावात १,३७,००० पौंडांना गेली.

हॅरी पॉटरची गोष्ट याहून गमतीची. पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छपाईत, जून १९९७ मध्ये, अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि त्यातल्या ३०० ग्रंथालयांकडे गेल्या. त्रेपन्नाव्या पानावर शाळेच्या सामानाच्या यादीत जादूची छडी दोनदा आली आहे. या चुकीची एक सुस्थितीतली प्रत डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ४,७१,००० डॉलरला विकली गेली. टेरी प्रॅचेटच्या 'द कलर ऑफ मॅजिक'ची १९८३ मधली ब्रिटिश छपाई ५०६ प्रतींची. प्रॅचेट इतकी पुस्तकं सही करून द्यायचा, की त्याची सही नसलेली प्रतच दुर्मीळ, असा विनोद त्याच्या वाचकांत रूढ झाला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क ऑगस्ट २०१७ मध्ये वाफेच्या रोलरखाली चिरडण्यात आली, आणि तिचे तुकडे सॉल्सबरीच्या संग्रहालयात मांडले गेले. म्हणजे वाचता न येणारं लेखनसुद्धा तिकडे स्मृतिवस्तू ठरतं.

लेखक कोण हे सर्वांना ठाऊक आहे, एवढं या सगळ्यात धरूनच चाललेलं असतं. आपल्याकडे घोडं तिथंच अडतं.

दासरी सुब्रह्मण्यम हे नाव कुठल्याही मराठी वाचकाला विचारून पाहा. बहुतेक जण नकारार्थी मान हलवतील. मग खड्गवर्मा आणि जीवदत्त ही नावं घ्या. शिखिमुखी आणि विक्रमकेसरी घ्या. नाहीच जमलं तर 'माया सरोवर'मधले जयशील आणि सिद्धसाधक. साठी ओलांडलेल्यांपैकी कुणाचा तरी चेहरा उजळेल आणि तो म्हणेल, "अरे, हे तर चांदोबातलं!" मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू 'चंदमामा' आणि तमिळ 'अंबुलिमामा' सुरू केलं. पुढच्या वर्षी कन्नड, त्याच्या पुढच्या वर्षी हिंदी आणि १९५२ मध्ये मराठी 'चांदोबा' आला. त्याच वर्षी विशीतले दासरी तेलुगूच्या संपादकीय खात्यात लागले आणि अर्धशतकाहून जास्त काळ तिथंच राहिले. १९५४ मध्ये त्यांची 'तोकचुक्का' ही पहिली मालिका सुरू झाली. त्यानंतर 'मकरदेवता', 'कंचुकोटा', 'ज्वालाद्वीपं', 'राकासिलोया', 'पाताळदुर्गं', 'शिथिलालयं', 'यक्षपर्वतं' अशी रांगच लागली. एकूण बारा मालिका झाल्या आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'भल्लूक मांत्रिकुडु'वर ती रांग थांबली. त्या तेलुगूत लिहिल्या जायच्या, अनुवादित होऊन सगळ्या भाषांत जायच्या, आणि त्यांवर लेखकाचं नाव छापलं जात नसे.

चित्रकारांची गोष्ट वेगळी. या मालिकांची चित्रं काढणारे चित्रा (टी. वीरराघवन) आणि प्रेतातल्या वेताळाला राजाच्या खांद्यावर कायमचं बसवणारे शंकर (के. सी. शिवशंकरन, ज्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली) यांच्या सह्या चित्रांच्या कोपऱ्यांत सापडतात. मुखपृष्ठवाले वड्डादी पापय्या 'वपा' अशी सही तेलुगू लिपीत करायचे. मराठी मुलांना ते चित्रातलंच एखादं वेलबुट्टीचं वळण वाटलं तर नवल नाही. म्हणून 'चांदोबा' जमवणाऱ्यांत चित्राचे चाहते आणि शंकरचे चाहते असे दोन पंथ पहिल्यापासून होते. लेखकाचा पंथ नव्हता. चाहत्यांनी आधी अंक जमवले, मालिका सलग लावल्या, या बाराही गोष्टी एकाच हातच्या आहेत हे ओळखलं, आणि मग या शतकाच्या पहिल्या दशकात तेलुगू वाचकांनी त्या माणसाला शोधून काढून लिहितं-बोलतं केलं. दासरी २०१० च्या जानेवारीत गेले. तेलुगूतल्या पुस्तकरूप आवृत्त्या प्रामुख्यानं त्यानंतरच्या. संग्रह आधी आणि लेखक नंतर, असा हा उलटा प्रवास आहे. माझ्या मते आपल्या भाषांतला या छंदाचा सगळा प्रश्न त्यातूनच समजून घ्यायला हवा. लंडनचा संग्राहक 'कोणती प्रत' म्हणून विचारतो. इथल्या संग्राहकाला आधी 'कुणाचं' हे ठरवावं लागतं, आणि ते ठरेपर्यंत निम्मे अंक रद्दीत गेलेले असतात.

बनशंकरीत बसून हे लिहिण्याला कारण आहे. बंगळुरूचा हा भाग कनकपुरा रस्त्यावरच्या बनशंकरी अम्माच्या देवळावरून ओळखला जातो. राहुकाळात लिंबाच्या सालींचे दिवे लावायला तिथं रांग लागते. मराठी माणसाला मात्र बनशंकरी म्हटलं की बदामीजवळची मूळ देवी आठवते, कारण कितीतरी देशस्थ घरांची ती कुलदेवता. अशा सीमाभागी घरांतलं लहानपण दोन भाषांतलं असतं. घरात मराठी 'चांदोबा' आणि शेजारच्या घरात कन्नड 'चंदमामा'. दोन्ही एकाच छापखान्यातले, चित्रं तीच, चौकटी त्याच, फक्त मजकुराची लिपी वेगळी. महिना क्वचित मागं-पुढं. ज्याला अजून कन्नड वाचता येत नव्हतं, तोही शेजाऱ्याचा अंक चाळून पुढच्या भागात राक्षस मरतो की नाही हे आधीच पाहून ठेवू शकत होता.

त्या वेळच्या या गमतीचं आज तंत्र झालं आहे. मराठी अंक बंगळुरूत सहज मिळत नाहीत, पण कन्नड मिळतात. मराठी अंकातलं मधलं पान गळालं असेल, चित्र कुणी शाळेच्या वहीसाठी कापून नेलं असेल, तर त्याच भागाच्या कन्नड अंकावरून ते पान कसं होतं ते पुरतं कळतं. मजकूर उरलेल्या मराठी पानांवरून आणि कन्नड वाचून जुळवता येतो. शुद्धतावादी संग्राहक याला भेसळ म्हणतील. मला ती भेसळ वाटत नाही, मात्र एका अटीवर. कन्नड पान मराठी अंकात शिवायचं नाही. वेगळ्या पाकिटात, चिठ्ठी लावून शेजारी ठेवायचं. उद्या खरं पान मिळालं तर जागा मोकळी हवी.

बांधीव खंडांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी घरांतून निघणारे बहुतेक 'चांदोबा' बांधीवच असतात. वर्षाचे बारा अंक उन्हाळ्याच्या सुटीत बाइंडरकडे जायचे. त्यानं काय केलं ते खंड उघडला की दिसतं. मुखपृष्ठं बहुधा काढून टाकलेली, कारण त्यांनी खंड जाड होतो. जाहिरातींची पानंही गेलेली. पिना उपसून दोऱ्यानं शिवण घातलेली, पाठीला निळं किंवा खाकी कापड, वर कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर घरातल्या मोठ्या माणसाच्या हस्ताक्षरात साल. तिन्ही बाजूंनी कटिंग मशीननं कापताना चित्रांचे काठ आणि कधीकधी कोपऱ्यातली सहीसुद्धा गेलेली. खळीत मोरचूद टाकलेली असेल तर कसर लागत नाही. नसेल तर पाठीजवळची पानं जाळीदार होतात. आतल्या पानांवर मुलांनी मालिकेच्या भागांना पेन्सिलीनं आकडे घातलेले, कारण मालिका सलग वाचायची तर एका अंकातून दुसऱ्यात उड्या माराव्या लागत. शेवटच्या पानावर घरच्या भावंडांची नावं, कुणी कितव्या वेळी वाचलं त्याच्या रेघांसह.

बाजाराच्या हिशेबानं असा खंड म्हणजे बारा बिघडलेले अंक. सुटा, मुखपृष्ठासह, न कापलेला अंक केव्हाही वरचढ. पण हे खंड फोडून सुटे करण्याची जी रीत अलीकडे विक्रेत्यांत दिसते, ती मला अजिबात पटत नाही. फोडलेल्या अंकाला मुखपृष्ठ परत येत नाही, उलट वर्षभराची सलगता मात्र जाते. ती पेन्सिलीची आकडेवारी म्हणजे मालिका कशी वाचली गेली याचा एकमेव पुरावा, तोही विस्कटतो. मुखपृष्ठं हवी असतील तर ती वेगळी जमवावीत. शिवाय आणखी एक गुंता आहे. या मालिका पुढच्या दशकांत त्याच चित्रांसह पुन्हा छापल्या गेल्या. सुट्या पानावरून पहिल्या वेळचं की पुनर्प्रकाशित, हे सांगणं अवघड जातं. खंडात मात्र आजूबाजूच्या गोष्टी आणि महिना यांवरून लगेच ओळखता येतं.

शोधायचं कुठं? बंगळुरूत जुन्या पुस्तकांची चैन आहे, पण ती मुख्यतः इंग्रजीची. बनशंकरीहून हिरव्या मेट्रोनं निघालं, की नॅशनल कॉलेज स्थानकाला गांधी बझार जवळ पडतो आणि चिकपेटला उतरलं की अव्हेन्यू रोड. अव्हेन्यू रोडच्या पदपथावर इंजिनिअरिंगची पाठ्यपुस्तकं आणि परीक्षांची गाइडं यांचंच राज्य. पोत्याच्या तळाशी कन्नड मासिकं निघतात, मराठी क्वचितच. मॅजेस्टिकला गाडी बदलून एम. जी. रोडला गेलं, की चर्च स्ट्रीटवर ब्लॉसम आणि बुकवर्म. टोल्किन, प्रॅचेट, अर्सुला ले ग्विन जमवणाऱ्याला तिथून रिकाम्या हातानं यावं लागत नाही. ब्रिगेड रोडजवळच्या गल्लीतलं सिलेक्ट १९४५ पासूनचं. टी. एस. शानभाग यांचं प्रीमियर २००९ मध्ये बंद झालं. ढिगाऱ्यातून हवं ते पुस्तक न पाहता उपसून देणारे म्हणून शानभागांची ख्याती होती. मराठीसाठी मात्र पुणे-मुंबईच गाठावी लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुन्या पुस्तकांवाले, मुंबईत फोर्टातले आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ, आणि दोन्हीकडे गल्लीतला रद्दीवाला. पुण्यात वडिलोपार्जित वाडा पाडायला निघाला, की त्या आठवड्यात जवळच्या रद्दीवाल्याकडे चक्कर मारावी. हा सल्ला क्रूर वाटतो, पण चांगले खंड असेच मिळतात.

मराठीत जन्मलेल्या अद्भुताकडे वळलं की चित्र एकदम पालटतं. नारायण धारप (२७ ऑगस्ट १९२५ – १८ ऑगस्ट २००८) यांचं नाव मुखपृष्ठावर शीर्षकाइतकंच ठसठशीत असायचं. भय, गूढ, विज्ञान आणि अद्भुत यांच्या सीमेवर त्यांनी शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली. समर्थ आणि आप्पा जोशी यांच्या कथा, 'चेटकीण', 'साठे फायकस', '४४० चंदनवाडी', 'अनोळखी दिशा'. तरीही धारपांचा पूर्ण संच पहिल्या आवृत्त्यांत उभा करणं कमालीचं जिकिरीचं. याचं कारण त्यांची पुस्तकं ज्या वाटेनं वाचली गेली त्या वाटेत आहे. ही पुस्तकं लोक विकत घेत नसत, वाचनालयातून आणत. गल्लीतल्या भाड्याच्या वाचनालयांसाठीच बऱ्याच अंशी ती छापली जात. त्यामुळे आज जी प्रत हाती येते तिच्यावर मूळ मुखपृष्ठाच्या जागी रेक्झिनची पाठ असते, आतल्या पानावर जांभळा गोल शिक्का, वर्गणीदारांसाठी सूचनांची चिठ्ठी, तारखांचा रकाना. शेवटची दोन पानं गेलेली असणं हे तर धारपांच्या पुस्तकाचं लक्षणच म्हणावं लागेल. कुणीतरी आपला सूड वाचकांवर उगवलेला असतो.

या प्रती 'खराब' म्हणून टाकून देणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. ज्या पॉटरसाठी लाखो डॉलर मोजले जातात, त्याच्याही पहिल्या छपाईतल्या बहुसंख्य प्रती ग्रंथालयांच्याच होत्या, आणि तिथले संग्राहक शिक्क्याची प्रतही सन्मानानं ठेवतात. तारखांचा रकाना वाचावा. पावसाळ्यात पुस्तक आठवड्याला दोनदा फिरलं आहे, परीक्षांत महिनाभर पडून आहे. वाचनालय कोणत्या पेठेतलं, कोणत्या सालचं, हे सगळं शिक्क्यातून मिळतं. धारपांच्या वाचकवर्गाचा असा दुसरा दस्तावेज हाताशी नाही.

धारपांचा भाव वाढला तो पडद्यामुळे. 'तुंबाड' हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. त्यामागची मूळ ठिणगी धारपांची कथा होती. त्याच वर्षी झी मराठीवर 'ग्रहण' ही मालिका आली, त्यांच्याच कादंबरीवरची. 'तुंबाड' सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. साकेतनं धारप नव्या रूपात पुन्हा बाजारात आणलेले असल्यामुळे वाचायला पुस्तक मिळण्याची अडचण आता उरलेली नाही. जुन्या प्रतींच्या किमती मात्र विक्रेत्याच्या धाडसावर अवलंबून असतात. धारपांच्या संग्राहकाला एक जोडकप्पा ठेवावाच लागतो, तो स्टीफन किंगचा. 'लुचाई'मागे किंगची 'सालेम्स लॉट' आहे, 'शपथ'मागे 'इट'. याची लाज वाटायचं कारण नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'पासून मराठी अद्भुताची बरीच बैठक परदेशी मुळांवरच आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून, किंगचं अमेरिकेतल्या मेन राज्यातलं गाव कोकणात किंवा देशावर कसं उतरलं ते पाहण्यात मजा आहे. उलट दिशेनंही हा व्यवहार चालतो. टोल्किन जमवणारे जगभरचे लोक त्याचे अनुवाद भाषांमागून भाषा गोळा करतात. मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद त्यांच्या दृष्टीनं मौल्यवान. आपल्याकडे तो सवलतीच्या टेबलावर पडलेला पाहून मला दर वेळी कळवळा येतो.

दिवाळी अंक हा वेगळाच प्रांत. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेल्या या परंपरेत अनंत अंतरकरांचं 'नवल' आणि रहस्यकथांना वाहिलेला 'धनंजय' हे अद्भुताच्या संग्राहकाचे मुख्य खजिने. धारप, रत्नाकर मतकरी यांच्या कथा पुस्तकात येण्याआधी अशाच अंकांत असायच्या, चित्रकाराच्या रेखाटनांसह. पुस्तकात ती रेखाटनं येत नाहीत. संग्राहक जर कथेच्या 'पहिल्या छपाई'बद्दल खरोखर गंभीर असेल, तर पुस्तक सोडून त्यानं अंकामागे लागलं पाहिजे. हे अंक जागा खातात, त्यांची पाठ सुटते, हे खरं आहे.

स्मृतिवस्तू म्हणून आणखी काय उरतं? लेखकाच्या सहीची प्रत धारपांच्या बाबतीत मिळू शकते, दासरींच्या बाबतीत ती कल्पनाच चालत नाही. 'चांदोबा'च्या जाहिराती हा मात्र सोन्याचा साठा होता, तो बाइंडरनं कापून फेकला. बिनाका टूथपेस्टच्या डबीत निघणारे चिमुकले प्लास्टिकचे प्राणी आजही कुणाकुणाच्या डब्यात आहेत. त्यांची जाहिरात असलेलं पान आणि तो प्राणी एकत्र ठेवणारे लोक मला या छंदातले खरे रसिक वाटतात. फोटोंना जुळणारी ओळ सुचवायची स्पर्धा असे. विजेत्याचं नाव आणि गाव छापून येई. ज्या घरातल्या माणसाचं नाव असं छापून आलं, त्या घरानं तो एक अंक तरी रद्दीत घातलेला नसतो. बंगळुरूपुरतं आणखी एक सांगण्यासारखं. 'चंदमामा'साठी महाभारताची मुखपृष्ठं रंगवणारे एम. टी. व्ही. आचार्य मद्रास सोडून या शहरात आले आणि त्यांनी टपालानं चित्रकला शिकवणारी संस्था चालवली. त्या टपाली धड्यांची पानं, सूचनापत्रं ही 'चंदमामा'च्या संग्राहकाला इथंच, याच शहरात मिळण्याजोगी गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहत नाही.

जपणुकीबद्दल फार लिहीत नाही. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. हवा मुंबई-कोकणापेक्षा कागदाला पुष्कळ सुसह्य. गंजलेल्या पिना काढाव्यात, सेलोटेप कधीही लावू नये, लॅमिनेशन तर नकोच. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कापडी पुरचुंडीत. न्यूजप्रिंट पिवळा पडणारच. तो थांबवायच्या नादात उन्हात वाळवणारे लोक पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

पेच खरा आहे तो स्कॅनिंगचा. 'चंदमामा' १९९८ मध्ये काही काळ बंद पडून पुन्हा सुरू झालं. २००७ मध्ये ते मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीनं घेतलं. पुढच्या वर्षी साठीनिमित्त देखणा संग्राह्य खंड निघाला, जुने अंक संगणकावर वाचायला ठेवले गेले, आणि मग कंपनीच आर्थिक अडचणीत आणि कोर्टकचेऱ्यांत सापडली. मासिक थांबलं, ठेवलेले अंक गेले. उरलं ते लोकांनी आपापल्या घरी स्कॅन करून किंवा उतरवून ठेवलेलं. म्हणजे संस्थेनं जपलेलं गेलं आणि खासगी लोकांनी बेकायदा म्हणाव्या अशा मार्गानं जपलेलं राहिलं. हे सोयीचं सत्य नाही, पण आहे.

कायद्यातली एक मेख इथं नोंदवण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. निनावी प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मात्र प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपतो. पण त्या मुदतीत लेखकाची ओळख रीतसर जाहीर झाली, तर पुन्हा मृत्यूनंतरची ६० वर्षं लागू होतात. १९५४ ची मालिका निनावीच राहिली असती, तर एका मोजणीनं ती २०१५ पासून सर्वांना खुली झाली असती. तिचा लेखक दासरी असं कायद्याच्या कसोटीवर ठरलं, तर मुदत २०७० च्या अखेरीपर्यंत जाते. चाहत्यांनी प्रेमानं लेखकाचं नाव शोधलं, आणि त्याच शोधानं त्यांना स्वतःलाच दाराबाहेर उभं केलं. शिवाय मासिकाच्या नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा मासिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा आणि बाकीचा लेखकाचा, अशीही तरतूद आहे, म्हणजे मराठी पुस्तकरूप आवृत्ती काढू म्हणणाऱ्यानं परवानगीसाठी कुणाचं दार ठोठावायचं हाही प्रश्नच. माझा कल असा आहे की घरच्या वापरापुरतं स्कॅन करावं, विकू नये, आणि स्कॅन झालं म्हणून कागद टाकू तर मुळीच नये. मध्यंतरी काही जणांनी सपाट स्कॅन यावं म्हणून खंडांच्या पाठी कापल्या. त्यातल्या कित्येक स्कॅनमध्ये शिवणीजवळचा मजकूर तरीही गेलेला आहे.

सार्वजनिक संस्थांवर किती विसंबायचं? टोल्किननं आपली हस्तलिखितं १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मार्केट विद्यापीठाला १५०० पौंडांना विकली, आणि आज तिथं जाऊन ती अभ्यासता येतात. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं ठरावीक ग्रंथालयांत प्रत पाठवायची आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईतलं एक ग्रंथालय त्यात येतात. पण वाचनालयासाठी घाईनं छापलेल्या रहस्यकथेच्या प्रकाशकाला हा नियम दर वेळी आठवला असेल यावर माझा विश्वास नाही. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हा आपल्या भाषेतला केवढा मोठा पराक्रम. पण तिचे दोन खंड १९५० पाशी थांबतात, म्हणजे धारपांचं लेखन आणि 'चांदोबा' सुरू व्हायच्या उंबरठ्यावर. पुढच्या काळाचं सूचीकाम इतरांनी केलं, तरी त्यात मासिकांच्या आतली मालिका, तिचे भाग, चित्रकार यांना जागा नसते. नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांसारख्या संस्थांकडे जुने अंक असतात, पण मुलांच्या मासिकाचे बांधीव खंड कुणी देणगी म्हणून घेऊन गेलं की बहुधा जागेचीच अडचण सांगितली जाते. त्यांचाही नाइलाज आहे.

म्हणून काम पुन्हा संग्राहकांच्याच गळ्यात येतं, आणि ते फार मोठंही नाही. १९५२ पासून दासरींची शेवटची मालिका संपेपर्यंतचे मराठी 'चांदोबा' म्हणजे तीनशेच्या वर अंक. प्रत्येकाला एक ओळ पुरते: महिना, मालिका, कितवा भाग, मुखपृष्ठाचा चित्रकार, वेताळाची कोणती गोष्ट, मुखपृष्ठ आहे की बाइंडरनं नेलं, आणि प्रत कोणत्या गावी आहे. ज्यांच्याकडे खंड आहेत त्यांनी आपापल्या सालांच्या ओळी भरल्या, तर एका उन्हाळ्यात ही सूची उभी राहील. तिच्याच उजव्या बाजूला कन्नड अंकांचे रकाने जोडण्याचं काम बनशंकरीत बसून करता येतं. मराठीतलं गळालेलं कोणतं पान कोणत्या महिन्याच्या 'चंदमामा'त पाहायचं, ते मग अव्हेन्यू रोडवर पोतं उपसायला लागण्याआधीच ठाऊक असेल.